कॉफीच्या मळ्यातील सावली आणि मातीतील ओल

मार्च महिन्यात म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या प्रवाशाला कुशालनगर मागे पडल्यावर शेत असे फारसे दिसत नाही. दिसते ते रान. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच वृक्ष उभे असतात, त्यांच्या बुंध्यांना मिरीचे वेल बिलगलेले असतात आणि त्यांच्या सावलीत माणसाच्या उंचीची, गडद व चकचकीत पानांची झुडपे ओळीने लावलेली असतात. ही झुडपे म्हणजेच कॉफी होय. कोडगू, चिकमगळूर व हासन या कर्नाटकातील जिल्ह्यांत आणि शेजारच्या वायनाडात कॉफीचा मळा म्हटला की असेच चित्र डोळ्यांपुढे येते. ब्राझीलमधील मळा याच्या अगदी उलट दिसतो. तेथे कॉफीच्या रांगा उघड्या उन्हात दूरवर पसरलेल्या असतात आणि त्यांच्यामधून तोडणीची यंत्रे फिरतात.

दक्षिण भारतातील मळेवाल्याने इतकी झाडे का राखली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एक मोठा वृक्ष उन्हाळ्याच्या एका दिवसात शंभर लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी मुळांवाटे ओढून पानांवाटे हवेत सोडू शकतो. डिसेंबरपासून मार्चपर्यंत ज्या प्रदेशात बहुधा पाऊस पडत नाही, तेथे शेकडो वृक्षांना असे पाणी पिऊ देणे म्हणजे पिकाच्या तोंडचा घास काढून घेणे नव्हे काय? पण जुना मळेवाला नेमके याच्या उलट सांगतो. सावली गेली की जमीन वाळते, असे त्याचे म्हणणे असते. दोन्ही विधानांत तथ्य आहे. त्यांतील विरोध समजून घ्यावयाचा तर पावसाचा थेंब वृक्षाच्या शेंड्यावर पडल्यापासून मातीतून नाहीसा होईपर्यंत त्याचा माग काढावा लागतो.

प्रथम या प्रदेशाच्या पावसाचा विचार करू. मडिकेरीच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे कुशालनगरच्या बाजूला तो निम्म्याहूनही कमी होतो. हे आकडे ऐकून येथे पाण्याची कसली ददात, असे वाटेल. परंतु या पावसाचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात माती इतकी तृप्त असते की वरून येणारे पाणी तिला नकोसेच असते. खरी कसोटी लागते ती पुढे. मध्यम पोताच्या एक मीटर खोल मातीत वनस्पतींना उपयोगी पडेल असे पाणी सुमारे दीडशे मिलीमीटर साठते. उघड्या आकाशाखाली कोरड्या ऋतूत दिवसाला तीन मिलीमीटर पाणी जाते असे धरले, तर हा साठा पन्नास दिवसांत संपावयास हवा. कोरडा काळ मात्र शंभर दिवसांचा किंवा त्याहून लांब असतो. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे, कारण माती जसजशी वाळते तसतशा वनस्पतीही हात आखडता घेतात. तरीही मळ्याचे वार्षिक भवितव्य या उरलेल्या पन्नास दिवसांत ठरते, एवढे त्यावरून ध्यानी येईल.

या काळातच कॉफीच्या फांद्यांवर कळ्या धरलेल्या असतात. त्या एका ठरावीक अवस्थेपर्यंत वाढतात आणि झोपी गेल्यासारख्या थांबून राहतात. त्यांना जाग येण्यासाठी दोन गोष्टी लागतात: आधी पाण्याची तूट आणि मग तिचा एकाएकी शेवट. विदर्भातील संत्र्याचे बागाईतदार बहर धरण्यासाठी बागेला ताण देतात, त्यातलाच हा प्रकार आहे; फरक इतकाच की येथे ताण निसर्ग देतो आणि तो सोडवितोही निसर्गच. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोबस्टा जातीसाठी आणि मार्च-एप्रिलमध्ये अरेबिका जातीसाठी पंचवीस ते चाळीस मिलीमीटरची एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सारा मळा पांढऱ्या फुलांनी झाकून जातो व त्याचा जाईसारखा सुगंध दूरपर्यंत दरवळतो. हाच बहराचा पाऊस. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पाठोपाठची दुसरी सर यावी लागते, नाही तर धरलेली फळे गळतात. पहिली सर अपुरी पडली तर अर्धवट जागी झालेली कळी वाळून जाते, आणि गेलेली कळी त्या वर्षी पुन्हा येत नाही.

तेव्हा मळेवाल्याला मातीत हवे असते ते नुसते भरपूर पाणी नव्हे. कळीला ताण बसावा, पण झुडपाची पाने गळून फांद्या वाळण्याइतका तो बसू नये. आणि पाऊस आला म्हणजे त्याचा थेंबन् थेंब मुळाशी पोहोचावा, अशी त्याची दुहेरी अपेक्षा असते. सावलीचे वृक्ष या अपेक्षेला कितपत उतरतात, हे पाहावयाचे आहे.

कॉफी ही मुळात सावलीतली वनस्पती आहे. अरेबिकाचे मूळ घर इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ अरण्यांत आहे आणि रोबस्टाचे आफ्रिकेच्या मध्य व पश्चिम भागांतील सखल अरण्यांत. दोन्ही ठिकाणी ती उंच वृक्षांच्या छत्राखाली वाढत आली. तिच्या पानांना भर दुपारच्या उन्हाचा सुमारे एक तृतीयांश भाग मिळाला की अन्न तयार करण्याची त्यांची क्षमता बहुतेक पुरी होते. त्यापुढचे ऊन पान तापविण्याखेरीज फारसे काही करीत नाही. तापलेले पान कोरड्या हवेत पाणी वेगाने गमावते, आणि ते वाचविण्यासाठी आपली सूक्ष्म पर्णरंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की अन्ननिर्मितीही थांबते. म्हणजे उन्हातल्या कॉफीचे झुडूप दुपारी पाणीही घालविते आणि कामही बंद ठेवते.

हा धडा एकोणिसाव्या शतकातील मळेवाल्यांनी बरीच किंमत देऊन घेतला. बाबा बुदन या फकिराने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्यानंतर दीर्घकाळ कॉफी घरामागच्या परसात आणि रानाच्या कडेला, झाडांच्या आडोशानेच वाढत होती. १८३४ साली कोडगूचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि पुढील काही दशकांत युरोपीय मळेवाल्यांनी डोंगरउतारांवरील अरण्ये साफ करून विस्तीर्ण लागवडी केल्या. त्यांपैकी कित्येकांनी एकही झाड शिल्लक ठेवले नाही. पहिली काही पिके भरघोस आली, कारण अरण्याने शतकानुशतके साठवलेला कस व ओल हाताशी होती. १८६० नंतरच्या दशकात कोरडी वर्षे आली आणि त्यांच्याबरोबर खोड पोखरणारा भुंगेरा आला. हा कीटक उन्हाने तापलेल्या खोडाच्या सालीच्या फटींत अंडी घालतो. मळेच्या मळे वाळले. मद्रास सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. जॉर्ज बिडी यांनी १८६९ साली आपला अहवाल सादर केला व त्यात सावलीची आवश्यकता प्रतिपादन केली. म्हैसूर संस्थानात मळा असलेले रॉबर्ट एलियट यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही सावलीची चर्चा विस्ताराने येते. वड-उंबरांच्या कुळातील रानवृक्षांना त्यांची विशेष पसंती होती. कीड हे निमित्त होते. मळ्यांत वृक्ष परत आले ते अशा रीतीने. या वृक्षांचा मातीतील पाण्याशी नेमका संबंध काय, याची मोजमापे व्हावयास मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

आता तो थेंब. पाऊस पडू लागला की पहिले पाणी वृक्षांची पाने भिजविण्यात खर्च होते. दाट पर्णछत्रावर साधारण एक ते दोन मिलीमीटर पाणी अडून राहते आणि पाऊस थांबल्यावर तेथूनच हवेत उडून जाते. जुलैच्या मुसळधारेत या तोट्याची गणना करण्याचे कारण नाही. फेब्रुवारीत पडणाऱ्या चार-पाच मिलीमीटरच्या शिडकाव्याची गोष्ट वेगळी. त्याचा मोठा वाटा सावलीच्या मळ्यात जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. तीस मिलीमीटरची चांगली सर मात्र छत्राला आपला कर देऊनही मुळांना पुरेशी उरते.

छत्रातून पार होणारे पाणी दोन वाटांनी खाली येते. काही खोडावरून ओघळत थेट बुंध्याशी मुरते. बाकीचे पानांच्या टोकांवरून पागोळ्यांसारखे गळते. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. वृक्ष पावसाचा मारा अडवतात व त्यामुळे माती वाचते, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पानांच्या टोकांशी पाण्याचे बारीक थेंब एकत्र येऊन मूळच्या थेंबाहून मोठे होतात, आणि आठ-दहा मीटर उंचीवरून पडताना त्यांना पुन्हा बराच वेग येतो. उंच वृक्षाखाली जमीन उघडी असेल तर अशा थेंबांनी ती उघड्या शेतापेक्षाही अधिक खरवडली जाऊ शकते. मातीचे रक्षण करतो तो वृक्षाच्या पायथ्याशी पडलेला पालापाचोळा. कॉफीची झुडपेही मधला पडदा म्हणून उपयोगी पडतात, पण शेवटचा आघात पाचोळाच सोसतो.

या पाचोळ्याची योग्यता त्याच्या दिसण्यावरून कळत नाही. चांगल्या सावलीच्या मळ्यात दर हेक्टरी वर्षाला पाच ते दहा टन वाळकी पाने व काटक्या खाली पडतात. कोरड्या ऋतूत त्यांचा थर मातीवर आच्छादनासारखा पसरून राहतो. सूर्यकिरण मातीपर्यंत पोहोचत नाहीत, वारा तिला स्पर्श करीत नाही आणि मातीच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन मंदावते. पावसाळ्यात हाच थर कुजू लागतो. गांडुळे, वाळवी आणि असंख्य सूक्ष्म जीव तो मातीत ओढून नेतात. त्यांच्या वाटांनी व कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांनी माती भुसभुशीत राहते. अशा जमिनीवर पडलेले पाणी उतारावरून धावत सुटण्याऐवजी आत शिरते. कुजलेल्या द्रव्याने मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात, आणि पाऊस ओसरल्यावर वाफसा अधिक दिवस टिकतो. वृक्ष तोडल्यावर त्याची सावली त्याच दिवशी जाते. परंतु मातीतील हे सच्छिद्रपण हळूहळू, काही वर्षांत नाहीसे होते. म्हणून सावली उघडी करणाऱ्या मळेवाल्याला पहिली एक-दोन वर्षे आपण काही गमावले असे वाटत नाही. उलट, जास्त उजेडामुळे पीक वाढलेलेच दिसते.

पाणी मुरविण्याच्या कामात वृक्षांच्या जोडीला माणसाचे हातही असतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कॉफीच्या ओळींमधून, उताराला आडवे, पाळण्याच्या आकाराचे लांबट चर खणले जातात. ते एका रेषेत नसतात. वरच्या ओळीत जेथे मोकळी जागा सुटली असेल तेथे खालच्या ओळीत चर येतो, जेणेकरून एका चराला चुकविलेले पाणी दुसऱ्याने अडवावे. पाचोळा, तण व छाटलेल्या फांद्या त्यांत भरल्या जातात आणि पुढील वर्षी तेथे काळे, ओल धरणारे खत तयार होते. पाहुण्याला हे चर दिसत नाहीत. पाय घसरला म्हणजे मात्र कळतात.

इथवर सर्व जमा वृक्षांच्या बाजूची झाली. खर्चाच्या बाजूकडे वळण्यापूर्वी आणखी एक जमा नोंदविली पाहिजे. सावलीत दुपारचे तापमान उघड्या जागेपेक्षा चार-पाच अंशांपर्यंत कमी राहू शकते, हवा अधिक दमट असते व वारा मंद असतो. त्यामुळे कॉफीचे पानसुद्धा कमी पाणी सोडते. मेक्सिकोच्या चियापास राज्यात गेल्या दोन-अडीच दशकांत झालेल्या मोजमापांत, दाट सावलीखाली मातीच्या पृष्ठभागावरून उडणारे पाणी विरळ सावलीच्या मानाने सुमारे दोन पंचमांशांनी कमी आढळले. सावलीमुळे ओल टिकते या समजुतीला असा आधार आहे.

परंतु वृक्ष स्वतः पाणी पितो, हे नाकारता येत नाही. कोस्टा रिकात इंगा या शेंगवर्गीय वृक्षाच्या सावलीतील कॉफी आणि उघड्या उन्हातील कॉफी यांचा पाण्याचा ताळेबंद शेजारी शेजारी मांडून पाहण्यात आला. सावलीच्या मळ्यातून पृष्ठभागावरून वाहून जाणारे पाणी कमी होते. पण वृक्ष व कॉफी मिळून खर्च केलेले पाणी अधिक होते आणि मुळांच्या खाली खोल झिरपणारे पाणी त्या प्रमाणात घटले होते. अर्थात सावलीने पाणी वाचविले नाही, तर त्याचा मार्ग बदलला. कॉफीच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट अशी की इंगाने आपली तहान प्रामुख्याने खालच्या थरांतून भागविली. कॉफीची बहुतेक तंतुमुळे वरच्या एक-दीड फुटात पसरलेली असतात. झाड जर त्याखालून पाणी घेत असेल, तर दोघांचे भांडण होण्याचे कारण उरत नाही.

हे भांडण टळण्याला मात्र एक अट आहे. खालच्या थरात पाणी असले पाहिजे. निकाराग्वाच्या कोरड्या पट्ट्यात सावलीसाठी लावलेल्या दोन वृक्षांचा अभ्यास झाला. त्यांपैकी एक गुलाबी फुलांचा टॅबेबुया, जो मुंबईच्या रस्त्यांवर वसंतराणी या नावाने ओळखला जातो. दुसरा सिमारूबा, ज्याला आपल्याकडे लक्ष्मीतरू म्हणतात. कडक कोरड्या ऋतूत तेथे सावलीच्या मळ्यातील ओल उघड्या मळ्यापेक्षा अधिक आटली आणि कॉफीला त्याची झळ लागली. केनियातील माचाकोस भागात, जेथे पाऊस मुळातच थोडा आहे, तेथे सिल्व्हर ओक या वृक्षाच्या मुळांची पाहणी झाली. ती खोल जातात हे खरे. पण वरच्या थरातही ती पिकाच्या मुळांत मिसळलेली असतात, आणि पावसाचे पाणी खोल पोहोचतच नसेल तर झाडाने तरी ते कोठून आणावे? त्याच पाहणीत एक नवलाची गोष्ट आढळली. कोरड्या ऋतूनंतर पाऊस पडून वरची माती भिजली की या वृक्षाची मुळे रात्रीच्या वेळी वरचे पाणी खालच्या कोरड्या थरांकडे वाहून नेतात. मुळे पाणी वर ओढतात हे सर्वांना ठाऊक होते. ती नळासारखी खालीही पाणी सोडतात, हे तोवर फारसे कुणाच्या ध्यानी आले नव्हते.

पश्चिम घाटाचे उतार माचाकोससारखे नाहीत. येथे चार महिन्यांच्या पावसाने खोल माती दरवर्षी काठोकाठ भरते, आणि म्हणूनच खोल मुळांच्या वृक्षाला येथे आपली स्वतंत्र विहीर मिळते. परंतु त्याच कोडगूत पश्चिमेकडून पूर्वेकडे तीस-चाळीस किलोमीटर गेले की पाऊस निम्म्यावर येतो. मडिकेरीच्या मळेवाल्याला परवडणारी सावली कुशालनगरकडच्या मळेवाल्याला परवडेलच असे नाही. सावली किती ठेवावी याचे एकच उत्तर सर्वांना देणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

किती ठेवावी यापेक्षा कोणती ठेवावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जुन्या मळ्यांत सावली दोन मजली असे. खालचा मजला पांगाऱ्याच्या जातीच्या झाडांचा, ज्याला तेथे डडप म्हणतात. त्याच्या माणसाहून उंच फांद्या पावसाच्या आरंभी नुसत्या जमिनीत रोवल्या की त्यांना पालवी फुटते. हे झाड शेंगवर्गीय असल्याने त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र मातीत आणतात. त्याची पाने मऊ असतात व लवकर कुजतात. वरचा मजला फणस, शिसव, जांभूळ, शिरीष, उंबर, नांद्रुक अशा जुन्या रानवृक्षांचा. डडपचे मोठे वैशिष्ट्य असे की तो माणसाच्या इच्छेने वागतो. पावसाळा तोंडावर आला की त्याच्या फांद्या छाटून टाकतात, म्हणजे ढगाळ दिवसांत कॉफीला उजेड व वारा मिळतो, आणि छाटलेला पाला जमिनीवर पडून आच्छादन होते. डिसेंबरपर्यंत नवा पाला फुटून सावली पुन्हा दाट होते. पाणी मुबलक असताना सावली विरळ आणि दुर्मीळ असताना दाट, असे हे वेळापत्रक आहे. चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे १९२५ साली स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने आणि १९४६ पासून कोडगूतील चेट्टळ्ळीच्या उपकेंद्राने शास्त्रीय चौकटीत बसविलेल्या कित्येक शिफारशींचा गाभा मजुरांच्या कोयत्याला आधीपासूनच परिचित होता.

हे दोन्ही मजले आता खिळखिळे झाले आहेत. २००० नंतरच्या दशकात पांगाऱ्याच्या पानांवर व कोंबांवर गाठी आणणारी एक परदेशी गांधीलमाशी दक्षिण भारतात आली आणि तिने डडपची फार हानी केली. वरच्या मजल्यावरचे संकट निराळ्या स्वरूपाचे आहे. तेथे रानवृक्षांची जागा सिल्व्हर ओक घेत आहे. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील वृक्ष सरळसोट वाढतो, त्यावर मिरीचा वेल उत्तम चढतो आणि वीस-पंचवीस वर्षांत त्याचे लाकूड विकता येते. याहून मोठे कारण कायद्याचे आहे. कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात सिल्व्हर ओक तोडण्यास परवानगीची आवश्यकता ठेवलेली नाही. देशी वृक्षांना अशी मोकळीक नाही. इतकेच नव्हे, तर जमीनधारणेच्या जुन्या पद्धतींमुळे कोडगूतील कित्येक जमिनींवरील मौल्यवान रानवृक्षांवर शासनाचाच हक्क राहिला. जो शिसव वाढविला तो आपला नाही आणि जो सिल्व्हर ओक लावला तो आपला, अशी स्थिती असेल तर मळेवाला काय लावील हे सांगण्यास वृक्षशास्त्रज्ञाची गरज नाही. रानवृक्षांच्या रक्षणासाठी केलेल्या नियमांनीच त्यांची नवी रोपे मळ्याबाहेर ठेवली, हा या विषयातील सर्वांत कटू भाग आहे.

मातीतील पाण्याच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ काय? सिल्व्हर ओकची पाने चिवट असतात व सावकाश कुजतात. त्यांचा थर आच्छादन म्हणून वाईट नाही, परंतु उंबराच्या किंवा डडपच्या पाल्याप्रमाणे ती मातीला लवकर काळेपणा व भुसभुशीतपणा देत नाहीत. त्याचे छत्र अरुंद आणि झिरझिरीत असते. मिरीसाठी बाजूच्या फांद्या छाटल्यावर ते आणखी अरुंद होते. म्हणजे हा वृक्ष सावली कमी देतो, पाणी मात्र घ्यावयाचे तेवढे घेतोच. तरीही त्याला खलनायक ठरविणे योग्य नव्हे. आंध्र प्रदेशातील अरकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीवर बहुतांशी सिल्व्हर ओकचीच सावली आहे, आणि ज्या उघड्या उतारांवर ती उभी राहिली तेथे तिने जमीन झाकली. जेथे काहीच नव्हते तेथे सिल्व्हर ओक येणे आणि जेथे वीस जातींचे रान होते तेथे एकटा सिल्व्हर ओक उरणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सावली विरळ होण्यामागे रोबस्टाचाही हात आहे. ही जात अरेबिकापेक्षा काटक, ऊन अधिक सोसणारी आणि पाणी मिळाले तर उत्पन्नही अधिक देणारी. बहराच्या पावसाची वाट न पाहता फेब्रुवारी-मार्चमध्ये तुषारसिंचनाने तिचा बहर धरता येतो, आणि संपन्न मळ्यांत तसे केले जाते. एका हेक्टरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. तीस मिलीमीटरची कृत्रिम सर द्यावयाची तर हेक्टरी तीन लाख लिटर पाणी हवे. ते मळ्यातील तळ्यातून, ओढ्यातून किंवा विंधनविहिरीतून येते, आणि तेही वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत. ज्याच्याजवळ तळे व पंप आहे त्याला सावलीची निकड कमी भासते. ज्याच्याजवळ नाही, त्या छोट्या मळेवाल्याच्या ओढ्याचे पाणी मात्र वरच्या अंगाच्या पंपांनी घटते.

कोडगू जिल्ह्याच्या सुमारे एक तृतीयांश भूभागावर कॉफी आहे आणि कावेरीचा उगम याच जिल्ह्यात तलकावेरीला होतो. या मळ्यांच्या जमिनीत जुलैचे पाणी किती मुरते आणि फेब्रुवारीत त्यातले किती झऱ्यांवाटे बाहेर येते, याच्याशी खालच्या मैदानातील शेतकऱ्यांचा संबंध पोहोचतो. कोस्टा रिकातील ताळेबंद आठवला तर येथेही उत्तर दुपदरी असणार: दाट वृक्ष खोल झिरपणाऱ्या पाण्यातला काही वाटा स्वतः घेतील, पण उतारावरून गढूळ होऊन निघून जाणारे पाणी तेच थोपवतील.

महाराष्ट्रात या साऱ्याचा लहानसा पडसाद मेळघाटातील चिखलदऱ्याला ऐकू येतो. तेथेही कॉफीची थोडीशी लागवड झाडांच्या आडोशाने होते. मात्र बहराच्या सरींची जी काहीशी खात्री कोडगूत असते ती सातपुड्यात नाही, आणि म्हणून ओल टिकविण्याचा प्रश्न तेथे अधिकच अवघड होतो.

जूनचा पहिला पाऊस पडला की कोडगूत सावलीची नवी लागवड सुरू होते. कीड लागून मेलेल्या डडपच्या जागा रिकाम्या असतात. काही मळ्यांत त्याच्याच फांद्या पुन्हा रोवून पाहतात, काही ठिकाणी फणसाचे किंवा उंबराचे रोप लावतात, आणि बहुतेक ठिकाणी खड्ड्याशेजारी सिल्व्हर ओकच्या रोपांच्या पिशव्या रांगेने मांडून ठेवलेल्या असतात.